हशा कोणाच्या बाजूने? अमेरिकी सिटकॉम आणि त्यांना न पेललेले विषय

फेब्रुवारी १९८३ मध्ये अमेरिकेतील एनबीसी वाहिनीवर ‘डिफरंट स्ट्रोक्स’ या लोकप्रिय विनोदी मालिकेची ‘द बायसिकल मॅन’ ही कथा सलग दोन आठवडे, दोन भागांत दाखवण्यात आली. सायकलच्या दुकानाचा मालक हॉर्टन हा अर्नोल्ड आणि त्याचा मित्र डडली या दोन शाळकरी मुलांना दुकानामागच्या आपल्या घरात बोलावतो, आईस्क्रीम देतो, नंतर थोडी वाइन देऊ करतो, मुलांनी पाहू नयेत अशी चित्रे दाखवतो आणि हे सारे घरी सांगायचे नाही, हे आपल्या तिघांचे गुपित, असे बजावतो. पुढे काय वाढून ठेवले आहे हे मोठ्या माणसाच्या ताबडतोब लक्षात येते. मात्र या प्रसंगात हॉर्टनच्या बोलण्याइतकाच आणखी एक आवाज सतत कानावर पडत राहतो, तो म्हणजे हशा. अर्नोल्ड काहीतरी चुरचुरीत बोलतो की प्रेक्षक हसतात, डडली त्यावर कडी करतो की ते पुन्हा हसतात. हा भाग आज पाहताना हात आपसूक आवाज कमी करण्याच्या बटणाकडे जातो.

जुन्या अमेरिकी सिटकॉममधील, म्हणजे अशा साप्ताहिक विनोदी मालिकांमधील, अवघडलेल्या भागांविषयी बोलताना ‘तो काळच तसा होता’ असे म्हणून विषय मिटवण्याची पद्धत आहे. मला ते पटत नाही. त्याच काळात, त्याच वाहिन्यांवर, अनेकदा त्याच लेखक-निर्मात्यांनी बलात्कार, गर्भपात, व्यसन आणि मृत्यू हे विषय विनोदी मालिकांतून समर्थपणे हाताळलेले आहेत. त्यामुळे दोष केवळ काळाचा किंवा अभिरुचीचा मानता येत नाही. हेतू तर बहुतेक वेळा चांगलाच होता. अडचण होती ती सिटकॉम नावाच्या यंत्राची. ते यंत्र ठरावीक गतीने, ठरावीक दिशेनेच फिरते, आणि त्यात मुलांच्या लैंगिक शोषणासारखा विषय घातला की तोही त्याच साच्यातून बाहेर पडतो. म्हणून आधी हे यंत्र चालते कसे ते पाहू.

सिटकॉम म्हणजे तीच माणसे, तेच घर किंवा कार्यालय आणि दर आठवड्याला एक नवा घोटाळा. १९५१ मध्ये सीबीएस वाहिनीवर सुरू झालेल्या ‘आय लव्ह लुसी’ने या प्रकाराची चौकट पक्की केली. रंगमंचासारखी मांडणी, समोर खुर्च्यांवर बसलेले खरे प्रेक्षक आणि एकाच वेळी चित्रण करणारे तीन कॅमेरे, अशी ती पद्धत होती. मराठी नाट्यरसिकाला यातील अर्धे गणित सांगण्याची गरज नाही. ‘इथे लाफ्टर येतो’, ‘हा हशा वसूल झाला पाहिजे’ ही आपल्या तालमींमधील नेहमीची वाक्ये आहेत, आणि हशा ओसरेपर्यंत नटाने पुढचे वाक्य धरून ठेवायचे असते हेही आपण जाणतो. सिटकॉमची संहिता याच तालावर लिहिली जाते. पानापानावर हशाच्या जागा ठरलेल्या असतात, चित्रणापूर्वी एखादा विनोदवीर प्रेक्षकांना गप्पा मारून मोकळे करून ठेवतो, आणि एवढे करूनही एखादी जागा रिकामी गेलीच तर संकलनाच्या वेळी तेथे तयार हशा चिकटवता येतो. चार्ली डग्लस या ध्वनी-अभियंत्याने १९५०च्या दशकात त्यासाठी एक यंत्रच बनवले होते. टंकलेखन यंत्राच्या कळा दाबाव्यात तसे तो हवे तसे हसू उमटवत असे. मंद खुसखुस हवी की खदाखदा हसणे हवे, ते त्याच्या बोटांवर ठरत असे.

दुसरा भाग वेळेचा. अर्ध्या तासातून जाहिराती वजा केल्या की त्या काळी चोवीस-पंचवीस मिनिटे हाती उरत, आणि तेवढ्यात संकट उभे करून ते निस्तरायचे असे. तिसरा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे पूर्वपदावर येण्याची सक्ती. सिटकॉमच्या निर्मात्याला खरा पैसा पहिल्या प्रक्षेपणातून मिळत नसे. सुमारे शंभर भाग साठले की ते देशभरातील स्थानिक केंद्रांना विकायचे आणि त्या केंद्रांनी ते रोज संध्याकाळी दाखवायचे, या व्यवहारात तो मिळत असे. हे भाग कोणत्याही क्रमाने लागत. आज पाचव्या वर्षातला, तर उद्या दुसऱ्या वर्षातला. मग चौथ्या भागात मुलीचा हात मोडला तर पाचव्या भागात तो बरा झालेला असणे व्यापाराच्या दृष्टीने सोयीचे ठरते. मोडलेल्या हाताचे जे होते तेच मोडलेल्या मनाचेही होते. ज्या घटनेचे ओझे खऱ्या आयुष्यात माणूस वर्षानुवर्षे वाहतो, ती येथे पुढच्या आठवड्यापर्यंत पुसली गेलेली असते, आणि त्यासाठी कोणी दुष्टपणा केलेला असतो असेही नाही.

या सर्वांवर वाहिनीच्या आतील देखरेख विभागाचा अंकुश असे. काय बोलावे, काय दाखवावे, कोणता शब्द चालेल हे तो विभाग ठरवत असे. १९५२ मध्ये ‘आय लव्ह लुसी’ची नायिका ल्युसिल बॉल प्रत्यक्षात गरोदर असताना तिचे गरोदरपण मालिकेत आणले गेले, तेव्हा ‘गरोदर’ या अर्थाचा सरळ इंग्रजी शब्द उच्चारण्याची सीबीएसने परवानगी दिली नाही. ज्या भागात ही बातमी फुटते त्याच्या नावातही फ्रेंच शब्द योजला गेला, आणि संहिता एक कॅथलिक पाद्री, एक प्रोटेस्टंट धर्मोपदेशक आणि एक ज्यू रब्बी अशा तिघांच्या नजरेखालून गेल्या. नवरा-बायकोला मूल होणार आहे एवढ्याशा गोष्टीसाठी हा सारा खटाटोप! अशा संस्थेला वीस वर्षांनी बलात्कारावर किंवा अमली पदार्थांवर बोलायचे होते.

१९७१ मध्ये निर्माते नॉर्मन लिअर यांच्या ‘ऑल इन द फॅमिली’ने हे दार ढकलले. वंशद्वेष, व्हिएतनाम युद्ध, समलैंगिकता, रजोनिवृत्ती अशा विषयांवर आर्ची बंकर नावाचा एक हेकट, पूर्वग्रहदूषित कामगार आपल्या बैठकीच्या खोलीत तावातावाने भांडू लागला आणि देश ते पाहू लागला. त्या यशानंतर ‘गंभीर विषय’ हा वाहिन्यांना फायद्याचा वाटू लागला. १९७५ मध्ये प्रसारण नियामक आयोगाच्या दबावाखाली वाहिन्यांनी रात्री नऊपर्यंतचा वेळ ‘कौटुंबिक’ म्हणून राखून ठेवला, तेव्हा याच मालिकेला शनिवारी आठची आपली जागा सोडून सोमवारी नऊवर जावे लागले. पुढच्याच वर्षी न्यायालयाने ही व्यवस्था बेकायदा ठरवली. असे हेलकावे चालूच राहिले. १९८०च्या दशकात या साऱ्यातून जाहिरातीचे एक नवे वाक्य रूढ झाले : ‘या आठवड्यात, एक अतिशय विशेष भाग’. त्याचा अर्थ प्रेक्षकांना पुरता ठाऊक झाला होता. आज विनोद कमी असेल, कोणावर तरी संकट येईल, शेवटी सारे गळ्यात गळे घालतील आणि आईवडिलांनी मुलांना जवळ घेऊन बसावे.

‘द बायसिकल मॅन’ हा अशा भागांचा नमुना म्हणून नेहमी पुढे केला जातो. त्याच्याकडे जरा थांबून पाहण्यासारखे आहे, कारण त्यात जेवढे चुकले आहे तेवढेच बरोबरही आहे. सुरुवातीला मालिकेतील वडिलांची भूमिका करणारे कॉनराड बेन पडद्यावर येऊन हा विषय नेहमीपेक्षा वेगळा आहे, मुलांसोबत बसून पाहा, असे पालकांना सुचवतात. हॉर्टनची पद्धतही लेखकांनी अचूक टिपली आहे. तो अंधारात दबा धरून बसलेला अनोळखी माणूस नाही. तो वस्तीतला, हसतमुख, वडिलांच्या ओळखीचा दुकानदार आहे. तो एकदम काही करत नाही. आधी खाऊ, मग थोडी मोकळीक, मग एखादी छोटी निषिद्ध गोष्ट, मग गुपित, अशा पायऱ्या तो चढत जातो, आणि प्रत्येक पायरीवर मुलाला आधीच्या पायरीची लाज वाटून घरी बोलता येऊ नये अशी तजवीज करतो. पुढे कथेतील पोलीस अधिकारी, हॉर्टन समलैंगिक असावा असा समज करून घेणाऱ्या पालकाला तेथल्या तेथे दुरुस्त करतो की समलैंगिक असणे आणि मुलांचे शोषण करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९८३ च्या दूरचित्रवाणीवर हे स्पष्टपणे सांगितले गेले, ही साधी बाब नव्हे. माहितीपत्रक म्हणून पाहिले तर हा भाग उत्तीर्ण होतो.

तो घसरतो तो कानात. अर्नोल्ड साकारणारा गॅरी कोलमन हा बालनट देशाचा लाडका होता. गाल फुगवून, डोळे बारीक करून त्याने एखादे वाक्य टाकले की हशा ठरलेला. त्यामुळे हॉर्टनच्या घरातील प्रसंगही लेखकांनी त्याच तालावर लिहिले आहेत. हॉर्टन एक गोष्ट सुचवतो, मुलगा तिच्यावर मजेशीर शेरा मारतो, हशा. हॉर्टन पुढची गोष्ट सुचवतो, पुन्हा शेरा, पुन्हा हशा. म्हणजे शोषणाच्या पायऱ्या आणि विनोदाच्या पायऱ्या एकाच जिन्याच्या झाल्या आहेत. प्रत्येक हशा दृश्याला पुढे ढकलतो आणि हॉर्टनलाही तेच हवे आहे. तो मुलांना हसवतच पुढे नेत असतो, आणि स्टुडिओतील प्रेक्षक अजाणता त्याचे साथीदार होतात. मला तरी या भागातील खरी भीती तेथे जाणवते. कोणी असाही युक्तिवाद करील की मुलांना हे सारे गंमतच वाटत असते, तेव्हा हशा वास्तवाला धरूनच आहे. हा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही, पण त्यासाठी तो हशा कोठेतरी थांबायला हवा होता, प्रेक्षकाला आपण हसलो याची चुटपुट लागायला हवी होती. तशी सोय संहितेत नाही. शोषणाचा सर्वांत वाईट प्रसंग दृश्याबाहेर घडतो, अर्नोल्ड वेळीच घरी बोलतो, पोलीस पोहोचतात, डडली सापडतो, वडील समजूत काढतात. मालिका पुढे तीन वर्षे चालली.

हेच प्रमेय उलट बाजूने तपासायचे तर १६ ऑक्टोबर १९७७ चा ‘ऑल इन द फॅमिली’ पाहावा. त्या तासाभराच्या भागात आर्चीची भोळी, बडबडी, सगळ्यांवर विश्वास टाकणारी बायको ईडिथ आपल्या पन्नासाव्या वाढदिवशी घरात एकटी आहे. शेजारी मुलीच्या घरी तिच्यासाठी गुपचूप समारंभाची तयारी चालली आहे. पोलीस तपास अधिकारी असल्याचे सांगून एक माणूस आत येतो आणि तो बलात्कारी आहे हे थोड्याच वेळात उघड होते. या प्रसंगातही प्रेक्षक हसतात, आणि अनेकदा हसतात. पहिल्यांदा ऐकताना ते ‘बायसिकल मॅन’इतकेच खटकते. परंतु जरा लक्ष दिले की कळते, येथे हसू येते ते ईडिथच्या पळवाटांवर. तिचा जो भोळसटपणा सात वर्षे विनोदाचा विषय होता तोच आता तिचे हत्यार झालेला आहे. ती विषय बदलते, काहीतरी असंबद्ध सुचवते, वेळ काढते. प्रत्येक हशा म्हणजे तिने मिळवलेले काही क्षण. शेवटी स्वयंपाकघरातून केक करपल्याचा वास येतो, तो बाहेर काढला नाही तर घराला आग लागेल असे सांगून ती भट्टीपाशी जाते आणि तो गरम केक त्या माणसाच्या तोंडावर मारून निसटते. त्या क्षणी स्टुडिओत जो गजर उठतो तो विनोदाला मिळालेला प्रतिसाद राहत नाही. कोंडलेला श्वास सुटावा तसा तो सुटतो.

याहून महत्त्वाचा आहे तो त्या भागाचा उत्तरार्ध. तेथे ईडिथ घाबरलेली आहे, घरात एकटी थांबायला तयार नाही आणि संशयिताला ओळखण्यासाठी पोलिसांकडे जाण्याचेही नाकारते. आर्चीला काय बोलावे ते समजत नाही. मुलगी ग्लोरिया आईवर चिडते, दोघींत कडाक्याचे भांडण होते, तेव्हा कोठे ईडिथ जायला तयार होते. एका तासाच्या आत असली तरी धक्क्यानंतरची ही शांतता दाखवण्यासाठी लेखकांनी अर्धा वेळ खर्च केला, आणि त्यासाठी नेहमीच्या अर्ध्या तासाची चौकट मोडली. ‘बायसिकल मॅन’लाही दोन भागांचा, म्हणजे तेवढाच वेळ मिळाला होता. तो खर्च कोठे झाला, एवढाच प्रश्न.

लिअर यांच्या मालिकांचे सारेच साधले असे मात्र मुळीच नाही. आर्चीच्या पूर्वग्रहांवर देश हसतो म्हणजे पूर्वग्रह कमी होतात, हे त्या काळी गृहीत धरले गेले होते. नील विडमार आणि मिल्टन रोकीच या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून काहीसे उलटे चित्र दिसले : ज्यांच्या मनात पूर्वग्रह अधिक, त्यांना आर्चीच वादात जिंकतो असे वाटत होते आणि तोच आवडत होता. म्हणजे हशा एकच असला तरी हसणारे दोन वेगळ्या गोष्टींना हसत होते. विनोदाचा बाण कोणाला लागला हे तो सोडणाऱ्याला कळत नाही, असा हा मामला आहे.

‘बायसिकल मॅन’च्या शेजारी ज्याचे नाव हमखास घेतले जाते तो ‘सेव्ह्ड बाय द बेल’चा नोव्हेंबर १९९० मधील भाग मात्र निराळ्या कारणाने फसला. ही शनिवारी सकाळी लागणारी, शाळकरी मुलांसाठीची मालिका. वर्गातील हुशार मुलगी जेसी परीक्षेचा अभ्यास आणि मैत्रिणींसोबतचा गाण्याचा ताफा अशा दोन आघाड्यांवर धावता धावता जागे राहण्याच्या गोळ्यांच्या आहारी जाते. शेवटी तिचा मित्र झॅक तिच्या खोलीत येतो तेव्हा ती गाण्याची ओळ ओरडून म्हणू लागते, ‘आनंदले आहे’ या अर्थाच्या शब्दांवरून घसरत ‘घाबरले आहे’ या शब्दावर येते आणि त्याच्या खांद्यावर कोसळून रडते. एलिझाबेथ बर्कली या तरुण अभिनेत्रीने त्यात जीव ओतला आहे. तरीही हा प्रसंग गेली कित्येक वर्षे अमेरिकेत थट्टेचा विषय झालेला आहे, कारण त्या गोळ्या कसल्या, तर कॅफिनच्या. मालिकेचे निर्माते पीटर एंगल यांनी पुढे सांगितले की मूळ संहितेत उत्तेजक अमली पदार्थ होता. वाहिनीच्या देखरेख विभागाने शनिवार सकाळच्या मुलांना तो चालणार नाही असे कळवले, तेव्हा तडजोड म्हणून कॅफिन आले. पण बाकीची संहिता तशीच राहिली. पात्राची पडझड अमली पदार्थाच्या मापाची आणि कारण कॉफीच्या मापाचे, अशी विजोड जोडी त्यामुळे जमली. हा दोष ना नटीचा, ना लेखकांचा. औषधाची बाटली बदलली आणि लक्षणांची यादी तीच ठेवली, असा तो प्रकार होता. दुसऱ्या दिवशी जेसीला डॉक्टरांकडे नेण्याचे ठरते आणि कथा संपते. ज्या परीक्षेसाठी आणि महत्त्वाकांक्षेसाठी हे घडले त्यांचे पुढे काय, हे कोणी विचारत नाही.

या काळातील अनेक भागांत संकट कोणाच्या पाठीवर बसून येते तेही पाहण्यासारखे आहे. बहुधा ते पाहुण्याच्या पाठीवर येते. नायकाच्या कुटुंबाला कायमची इजा होता कामा नये, म्हणून यापूर्वी कधीही न दिसलेला एखादा जिवलग मित्र अचानक उगवतो, दारू पितो किंवा मरतो, आणि पुढच्या आठवड्यापासून त्याचे नावही निघत नाही. प्रेक्षकाने ज्याच्याबरोबर एक संध्याकाळही घालवलेली नाही त्याच्यासाठी त्याने रडावे ही अपेक्षा मुळातच पोकळ असते. ज्यांनी ही खोड ओळखली त्यांचे भाग टिकले. ‘फॅमिली टाइज’मध्ये टॉम हँक्स यांनी साकारलेला नेड मामा आधी १९८३ मध्ये येऊन गेलेला, सर्वांना आवडलेला असा होता. १९८४ मध्ये तो परतला तो दारूडा होऊन. रात्री स्वयंपाकघरात दारू सापडत नाही म्हणून तो व्हॅनिलाचा अर्क पिऊ लागतो तेव्हा प्रेक्षक हसतात, कारण आजवर ते याच माणसाला हसत आले होते. थोड्या वेळाने तो आपल्या लाडक्या भाच्यावर, अ‍ॅलेक्सवर हात उचलतो आणि हशा जागच्या जागी मरतो. ‘बायसिकल मॅन’मध्ये जी चुटपुट नव्हती ती येथे आहे.

‘ऑल इन द फॅमिली’नेही बेव्हर्ली लासाल या स्त्रीवेषात कार्यक्रम करणाऱ्या कलावंताला आधी दोनदा बंकरांच्या घरी आणले, ईडिथशी मैत्री जुळू दिली, आणि मगच १९७७ च्या नाताळातील भागांत त्याची हत्या झाल्याची बातमी दिली. ईडिथचा देवावरचा विश्वास डळमळतो तो त्यामुळे खरा वाटतो. ‘गुड टाइम्स’ने तर त्याच वर्षी पूर्वपदाचा नियमच बाजूला ठेवला. जन्मदात्या आईकडून इस्त्रीचे चटके सोसणारी पेनी ही मुलगी, म्हणजे तेव्हाची चिमुरडी जॅनेट जॅक्सन, प्रकरण मिटल्यावर मालिकेतून नाहीशी झाली नाही. शेजारीण विलोनाने तिला दत्तक घेतले आणि मालिका संपेपर्यंत ती तेथेच राहिली. ती पडद्यावर दिसली की ती तेथे का आहे हे प्रेक्षकाला आपोआप आठवत असे.

नोव्हेंबर १९७२ मधील ‘मॉड’ या मालिकेचे दोन भाग तर या संपूर्ण इतिहासातील सर्वांत धाडसी म्हणावे लागतील. सत्तेचाळीस वर्षांची, विवाहित, खणखणीत आवाजाची मॉड अनपेक्षितपणे गरोदर राहते आणि गर्भपाताचा निर्णय घेते. ती राहते त्या न्यूयॉर्क राज्यात १९७० पासून गर्भपात कायदेशीर होता, पण देशभरासाठी तो मान्य करणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यायला अजून दोन महिने होते. सुटकेचा नेहमीचा मार्ग येथे सहज उपलब्ध होता : चाचणी चुकीची निघाली असे दाखवायचे, किंवा पायऱ्यांवरून पाय घसरवायचा. दुसऱ्या असंख्य मालिकांनी पुढे तेच केले. लेखिका सुसान हॅरिस यांनी ते टाळले, आणि हसण्याच्या जागा निवडताना मोठे शहाणपण दाखवले. विनोद बराचसा नवऱ्याच्या, वॉल्टरच्या, नसबंदीच्या धास्तीवर बेतला. मॉडचा निर्णय मात्र शेवटी शांत आवाजात, जवळजवळ हशाविना होतो. इलिनॉय राज्यातील दोन केंद्रांनी हे भाग दाखवलेच नाहीत आणि पुढच्या उन्हाळ्यातील पुनःप्रक्षेपणाच्या वेळी तर विरोधाची लाटच आली. आज जे भाग अवघडलेले वाटत नाहीत ते तेव्हा लोकांना खुपले आणि ‘बायसिकल मॅन’ मात्र गौरवाने दाखवला गेला, हेही लक्षात घ्यावे लागते.

हशा थांबवण्याचा सर्वांत सरळ उपाय ‘मॅश’च्या निर्मात्यांनी शोधला. कोरियन युद्धातील लष्करी शस्त्रक्रिया केंद्रावरच्या या मालिकेला सीबीएसने ध्वनिमुद्रित हशा लावायला भाग पाडले, तेव्हा लॅरी गेलबार्ट आदींनी एक अट पदरात पाडून घेतली : शस्त्रक्रियागृहात हशा नको. त्यामुळे डॉक्टर बाहेर मस्करी करतात तेव्हा हसू ऐकू येते आणि तोच डॉक्टर आत, हातमोजे रक्ताने माखलेले असताना, तीच मस्करी करतो तेव्हा भोवती फक्त उपकरणांचा आवाज असतो. एका दारामुळे विनोदाचा अर्थ बदलतो. ब्रिटनमध्ये बीबीसीने ही मालिका हशा पूर्णपणे काढून दाखवली, आणि तेथील प्रेक्षकांच्या मनात ती बऱ्यापैकी काळवंडलेली मालिका म्हणूनच राहिली.

‘डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी’ या, एका रेडिओ केंद्रात घडणाऱ्या विनोदी मालिकेपुढे तर विषय निवडण्याची चैनही नव्हती. ३ डिसेंबर १९७९ रोजी खऱ्याखुऱ्या सिनसिनाटी शहरातील रिव्हरफ्रंट कोलिसियममध्ये ‘द हू’ या वाद्यवृंदाच्या कार्यक्रमाआधी दारांपाशी चेंगराचेंगरी होऊन अकरा जण मेले. आसनक्रमांक नसलेली तिकिटे आणि उघडलेली मोजकी दारे यांमुळे पुढे घुसण्याची स्पर्धा लागली होती. त्याच शहरात घडणारी, गाणीच वाजवणाऱ्या केंद्राची मालिका यावर गप्प राहू शकत नव्हती. ११ फेब्रुवारी १९८० रोजी लागलेल्या भागाचा पूर्वार्ध नेहमीसारखाच हसताखेळता आहे. कार्यक्रमाची उत्सुकता, केंद्राने वाटलेली तिकिटे, केंद्राच्या वयस्कर व्यवस्थापकाला रॉक संगीत कसे सोसणार यावरच्या कोट्या. प्रेक्षक हसतात, परंतु संध्याकाळी काय होणार हे त्यांना ठाऊक आहे आणि पात्रांना नाही. उत्तरार्ध दुसऱ्या दिवशी सुरू होतो. तेथे विनोद संपतो. तिकिटे आपणच वाटली होती, ही बोच घेऊन माणसे कार्यालयात बसलेली असतात. हशा आणि शांतता यांची सरमिसळ न करता मधल्या जाहिरातींच्या अंतराने त्यांना वेगळे ठेवणे, एवढीच युक्ती त्यात आहे, आणि ती पुरली. घटनेनंतर महिन्याभराच्या आतच सिनसिनाटी शहराने आसनक्रमांकांविना तिकिटविक्रीला बंदी घातली होती.

या भागातील तो वयस्कर, गोंधळलेला, कनवाळू व्यवस्थापक कार्लसन म्हणजे गॉर्डन जंप. तीन वर्षांनी सायकलच्या दुकानातील हॉर्टनही त्यांनीच साकारला. ज्या गोल, प्रेमळ चेहऱ्यावर प्रेक्षक चार वर्षे विश्वास टाकत आले होते तोच चेहरा त्या भूमिकेसाठी निवडला जाणे, ही ‘बायसिकल मॅन’मधील सर्वांत हुशार गोष्ट होती आणि तिला हशाची गरज पडली नव्हती. पुढे १९८९ पासून बरीच वर्षे जंप मेटॅग कंपनीच्या जाहिरातींत दिसत राहिले : गणवेश घालून फोनशेजारी बसलेला एकाकी दुरुस्तीवाला, ज्याला कोणी बोलावतच नाही, कारण कंपनीची धुलाई यंत्रे कधी बिघडत नाहीत.